वळणावरची खिडकी

बाबा गेल्यापासून आईने एकच हट्ट धरला होता. तिला बाबांच्या इंजिनात, बाबांच्याच जागेवर बसायचं होतं आणि वळणावरून आमच्या जुन्या क्वार्टरची स्वयंपाकघरातली खिडकी बघायची होती.

मी आधी उडवून लावलं. नाकावर राग घेऊनच जन्मले आहे मी. बाबा मला तोफ म्हणायचे, आणि तोफेला बत्ती द्यायचं काम आई इमानेइतबारे करते. पण या वेळी ती भांडली नाही. नुसती म्हणाली, "नको तर नको," आणि ताटातला भात चिवडत बसली. मग मीच फोन लावला.

ती लाइन बंद पडून बरीच वर्षं झाली. आता काही हौशी मंडळींनी तीन जुनी डिझेल इंजिनं दुरुस्त करून सुट्टीच्या दिवशी गाडी सुरू केली आहे. त्या तिनांत बाबांचंही इंजिन आहे. ड्रायव्हरची बायको म्हटल्यावर मंडळींनी आनंदाने होकार दिला.

आता खिडकीचं सांगते. बाबा ड्युटी संपवून परतताना वळणावर हॉर्न द्यायचे, एक लांब आणि एक छोटा. लांब हा नियमाचा, छोटा आईचा. आई त्याआधीच तोंड धुऊन, केस विंचरून खिडकीत उभी असायची आणि पिवळा रुमाल हलवायची. ताप असला तरी भिंतीला धरून उभी राहायची. बाबा घरी आले की बूट काढता काढता म्हणायचे, "दिसलीस." कधी म्हणायचे, "दिसलीस, आज केस धुतलेले होते." आई लाजायची, आणि आम्ही पोरं एकमेकांना कोपराने ढोसायचो. आमच्या घरात प्रेमाचं एवढंच बोललं जायचं, पण ते रोज बोललं जायचं.

तर आई इंजिनात बसणार आणि खिडकीत मी उभी राहणार, असं ठरलं. अलीकडच्या थांब्यावर आम्ही दोघी डब्यातून उतरलो; गाडी तिथे बराच वेळ थांबते. तिथून क्वार्टर चालत जाण्यासारखी आहे. आईने माझ्या हातात तोच रुमाल दिला, धुऊन धुऊन विटलेला, आणि लग्नघरात देतात तशा सूचना दिल्या. खिडकीच्या अगदी मध्ये उभी राहा. हात वर कर, खांद्याच्याही वर. आणि मोबाइलवर बोलत बसू नकोस. मग ती लोखंडी शिडी चढून इंजिनात गेली. गुडघे कुरकुरत होते, पण चेहरा उजळला होता.

क्वार्टरच्या दाराला कुलूप होतं. आता तिथे रंगाचे डबे आणि सुटे भाग ठेवतात. दार उघडं ठेवू, असं मंडळींनी मला शंभर वेळा सांगितलं होतं. पण किल्ली ज्याच्याकडे, तोच तिकीट तपासणारा, आणि तो गाडीतच बसून राहिलेला. मी दार ढकललं, लाथ घातली, तपासनिसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. खिडकी रुळांच्या बाजूला, आणि त्या बाजूला दोन्हीकडून नवं तारेचं कुंपण. तारेत ओढणी अडकली, ती फाडून काढली, तोवर इंजिनाची घरघर कानावर आली. आणि मग हॉर्न. एक लांब. एक छोटा.

मी घराच्या मागच्या पायरीवर बसले, रुमाल तोंडावर धरला आणि रडले. बाबा गेले तेव्हा पाहुण्यांचं चहापाणी बघता बघता रडायचं राहूनच गेलं होतं.

शेवटचं स्टेशन वळणाच्या पलीकडेच आहे. तिथवर जाताना मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. आई फलाटावर बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मला बघून म्हणाली, "दिसलीस."

बाबांचाच सूर. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण जुळवलेली माफी मी गिळून टाकली.

ड्रायव्हर हात पुसत आला. भला माणूस होता, आणि त्याला वाटलं मला सगळं ठाऊकच आहे. तो सांगू लागला की आईंना त्याने दुसऱ्या बाजूला बसा म्हणून किती समजावलं, पण त्या ऐकेनात. या दिशेला इंजिनाचं लांब तोंड पुढे असतं. ड्रायव्हर एका बाजूला, क्वार्टर दुसऱ्या. वळणावर मध्ये फक्त लोखंड दिसतं. त्या बाजूला असिस्टंट बघतो, तोही सिग्नलकडे.

"पूर्वी तरी दिसायचं का?" मी विचारलं.

"इंजिन तेच आहे हो," तो म्हणाला.

म्हणजे बाबांना आई कधी दिसलीच नव्हती. घरच्यांना इंजिनात चढायची परवानगी नव्हती. त्यामुळे ड्रायव्हरची बायको असून आईला एवढी साधी गोष्ट आयुष्यभर कळली नव्हती. आणि तीच दाखवायला मी तिला हौसेने, फोन करकरून, आणलं होतं.

परतीला आम्ही डब्यात बसलो. मी कुलपाचं सांगून टाकलं. आईने मान हलवली, जणू मी भाजीचा भाव सांगितला.

"एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "मी मुद्दाम उभी राहिले नाही. मोरीत जाऊन बसले. तरी आले आणि म्हणाले, दिसलीस. मला वाटलं, मोठ्या मनाने भांडण मिटवतायत. मीच रडले, मीच माफी मागितली."

मी म्हटलं, "अगं, दिसत नसूनही रोज हॉर्न देत होते ना ते. तुझ्यासाठीच ना?"

"देत होते." ती बाहेर बघत राहिली. "पण मी रोज दिसायला उभी राहायचे गं. ताप अंगात घेऊन उभी राहायचे. त्यांनी एकदा खरं सांगितलं असतं, तर मी खाली, रुळांच्या पलीकडे फाटकापाशी येऊन उभी राहिले असते. तिथे तरी त्यांनी मला बघितलं असतं. इतकी वर्षं मी कुणाला हात करत होते?"

बाबा असते तर त्यांच्याशी मी कडकडून भांडले असते.

वळण आलं. डब्यातून खिडकी स्वच्छ दिसत होती, तिच्या गजांवरचा गंजसुद्धा. त्या काळी गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला आई दिसली असणार. ड्रायव्हरने, आम्हाला बरं वाटावं म्हणून, हॉर्न दिला. एक लांब. आईचा उजवा हात मांडीवरून आपोआप उठला. छोटा हॉर्न व्हायच्या आत तिने तो डाव्या हाताने धरून खाली ओढला, आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.