वाफेचं निमित्त

माहितीपट महोत्सवात निवडला गेला आणि बाईंनी कंटाळवाणं काम नेहमीप्रमाणे धाकटीच्या गळ्यात मारलं. बाई म्हणजे दिग्दर्शिका. सिनेमा त्यांचा, मुलाखती त्यांच्या, कौतुक त्यांचं. आणि चौघांच्या कारकिर्दीचे ऐंशी-ऐंशी शब्दांत परिचय लिहायचे, ते मात्र संकलन करणाऱ्या धाकटीनं. संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचे होते. धाकटी बावन्न वर्षांची होती. कॅमेरामन तिचा सख्खा भाऊ, त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून ही धाकटी. केस पिकले तरी नाव काही बदललं नाही.

बाईंचा परिचय दहा मिनिटांत झाला. विमा कंपनीत अकरा वर्षं कारकुनी, एक दिवस तडकाफडकी राजीनामा, मग पाच माहितीपट. कानकाकांचा त्याहून सोपा. ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे. रेडिओत उमेदवारी केली, चाळीस वर्षं कानांना हेडफोन, आणि बायकोनं हाक मारली की नेमकं ऐकू येत नाही. हे शेवटचं तिनं लिहिलं आणि खोडलं. स्वतःचा परिचय तिनं तीन ओळींत उरकला. मग दादाचं नाव टाइप केलं आणि बोटं तिथेच थांबली.

दादाचा सकाळीच फोन येऊन गेला होता. परिचयात एक ओळ घाल म्हणाला, सहज सांगतोय असं दाखवत तीनदा म्हणाला. पुढचं काम मोठं होतं. एका हृदयशल्यविशारदावर माहितीपट, तीन वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये चित्रीकरण. दिग्दर्शक वेगळा, संकलक वेगळा. अठ्ठावन्नाव्या वर्षी असं काम चालून आलं म्हणून स्वारी हवेत होती, आणि का नसावी?

काम आलं ते याच सिनेमामुळे. निवड समितीनं पत्रात लिहिलं होतं की यातला कॅमेरा माणसांच्या चेहऱ्याकडे न बघता जरासा त्यांच्या पाठीमागे बघतो, त्यांच्या थकव्याकडे बघतो. बाईंनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. थकवा कसला न काय! फोकस चुकला होता.

सिनेमा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यावर होता. दिवसभर चादरी उकळणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, घड्या घालणाऱ्या बायका. तिथे वाफ इतकी की सगळं धूसर दिसलं तरी कुणाला खटकलं नाही. बाई म्हणाल्या, वाफेमुळे छान मऊपणा आलाय. धाकटीनं मान डोलावली. पण त्याआधीचा सिनेमा पुस्तकबांधणीच्या कारखान्यावर होता आणि तिथे वाफेचा पत्ता नव्हता. तिथे एका म्हाताऱ्या कारागिराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा फोकस चुकला. डोळे पुसट आणि कान स्वच्छ. तिनं मनाशी म्हटलं, होतं एखाद्या वेळी, माणूस आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिनं संकलनात लांबचे शॉट घ्यायला सुरुवात केली. मग पाठमोरे घेतले, मग नुसते हात घेतले. अडीच वर्षं ती शॉट निवडत नव्हती, लपवत होती. बाई म्हणायच्या, धाकटीच्या कामात आताशा काय संयम आलाय!

आणि ती एकटी नव्हती. धुलाईखान्याचा आवाज साफ करताना मशीनच्या घरघरीत तिला कुजबूज ऐकू आली. कानकाकांचा आवाज होता. 'पुढे... अजून दोन बोटं पुढे. बस.' दादाच्या खांद्याशी उभे राहून काका त्याला फोकस सांगत होते. अशी कुजबूज सत्तावीस ठिकाणी सापडली आणि तिनं ती सत्तावीस ठिकाणी पुसली. त्यानंतर काका आणि ती कितीतरी वेळा समोरासमोर बसून चहा प्यायले. काकांनी विषय काढला नाही, तिनंही काढला नाही.

सुरुवातीला तिला धास्ती वाटायची. मग वाईट वाटायचं. आता काहीच होत नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, बोट लावलं तर गाल आहे हे कळतं पण तो आपला वाटत नाही, तसं झालं होतं. दादाच्या नावापुढे तिनं लिहिलं, 'तीस वर्षांचा अनुभव,' आणि घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन झाले होते.

तिला संकलनाच्या याच खोलीत दादानं आणून बसवलं होतं. तेव्हा ती बावीसची होती, काय शिकावं ते कळत नव्हतं आणि आई डोक्याला हात लावून बसली होती. पहिल्या दिवशी त्यानं पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवून एकच गोष्ट शिकवली. पापणीचे केस मोजता आले तर शॉट घे, नाहीतर फेकून दे, माझा असला तरी फेकून दे. तीस वर्षं तिनं तेच केलं होतं आणि दादाशी कडाकडा भांडून केलं होतं. शेवटची अडीच वर्षं तेवढी भांडली नव्हती.

ऑपरेशन थिएटरमध्ये वाफ नसते. तिथला संकलक दादाचा कुणी नव्हता, पहिल्याच आठवड्यात बोंब झाली असती आणि चारचौघांत झाली असती. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं, असं तिनं ठरवलं. तसं ती वर्षभर ठरवत होती. आज फोन उचलला आणि परिचयासाठी फोटो निवडायचाय, ये, म्हणून सांगितलं.

दादा आला तो बोळातल्या भिंतीला हात लावत आला. दारातच म्हणाला की फोटो म्हातारा लाव, सर्जनला वाटायला हवं की माणूस पोचलेला आहे. तिला हसू आलं नाही. तिनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी लावले. एक एकोणीस वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा फाटकावरच्या पहारेकऱ्याचा. दुसरा धुलाईखान्यातल्या इस्त्रीवालीचा. दोन्ही दादानंच टिपलेले.

दादा चित्र मोठं कर म्हणाला. तिनं केलं. तो पुढे वाकला, नाक पडद्याला टेकायची वेळ आली, मग त्यानं मान थोडी तिरकी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. असं बघताना तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"फोकस कानावर आहे," शेवटी तो म्हणाला. "वाफेमुळे?"

"त्या दिवशी मशीन बंद होती, दादा."

"असे किती?"

"यात निम्मे. मागच्या सिनेमात तीसेक."

तो खुर्चीत मागे टेकला. आता चिडेल, नाकारेल, बाईंना फोन लावेल, अशी सगळी तयारी तिनं करून ठेवली होती. तो चिडला नाही.

"मला शंका यायची," तो म्हणाला. "पण म्हटलं, धाकटी बसलीये ना तिथे. चुकलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी माझी सालटी काढली असती. तू बोलली नाहीस, म्हणून मी समजलो शॉट बरोबर आहेत."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलोच नाही. तू बोलशील त्या दिवशी जायचं, असं ठरवलं होतं."

हे शब्द तिच्या कानांपर्यंत आले. पुढे कुठे गेले ते तिला कळलं नाही. आपण त्याला जपत होतो, असं तिला अडीच वर्षं वाटत होतं. आता रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही. हात माऊसवर तसाच होता आणि पडद्यावरच्या इस्त्रीवालीचा कान लख्ख दिसत होता.

दादा म्हणाला, पुढच्या कामाची ओळ काढून टाक. मग त्यानं परिचय वाचून दाखवायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकला. त्या दुसऱ्या दिग्दर्शकाला फोनही त्यानंच लावला. जमणार नाही, तब्येतीचं कारण आहे, तुम्ही दुसरा माणूस बघा, एवढंच बोलला आणि फोन ठेवून पाणी प्यायला. पाचला दहा मिनिटं असताना चौघांचे परिचय गेले. दादाचा एकसष्ट शब्दांत संपला होता, त्यावर कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. नोंदणीच्या खिडकीत एक बाई बसली होती, तिनं नाव, वय, व्यवसाय लिहून घेतला. कॅमेरामन म्हटल्यावर तिनं एकदा मान वर करून पाहिलं. मग त्रास कधीपासून आहे ते विचारलं.

"हिला विचारा," दादा म्हणाला. "ही नेमकं सांगेल."

त्यात टोमणा नव्हता. धाकटीनं तारीख सांगितली, महिना सांगितला, साल सांगितलं. त्या पहिल्या चुकलेल्या शॉटच्या फाईलवर वेळही असते, ती तोंडपाठ होती, तीही सांगितली. सकाळी अकरा चाळीस. खिडकीतली बाई पेन धरून बघतच राहिली. म्हणाली, लोक नुसतं झाले काही महिने म्हणतात. मग तिनं मनातल्या मनात महिने मोजले आणि कपाळाला आठी घातली. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं असेल तर गेलेलं परत येत नाही, असं म्हणून तिनं विचारलं की एवढं नक्की माहीत होतं तर इतक्या उशिरा का आलात?

धाकटीनं तोंड उघडलं. दादानं तिच्या हातावर हात ठेवला.

"मीच अंगावर काढलं," तो म्हणाला. "तसं लिहा."

तिनं तसं लिहिलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. दादानं पेन हातात घेतलं, कागदावर वाकला, मान तिरकी केली. सही कुठे करायची ते त्याला दिसेना. मागे रांग खोळंबली होती. धाकटी त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पुढे. अजून दोन बोटं पुढे. बस."