हुक न लावलेला तंबू

या, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला नुसते टाळ ऐकू येतात, कथा पुढच्यालाच मिळते. मी सांगणार आहे ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

आमचे हे, मोहनराव, दोन वर्षांपूर्वी नागपूरला वारले. मुलगा शंतनू इकडे अमेरिकेत, एडिसनला. व्हिसाच्या स्टॅम्पिंगचा घोळ झाला, त्याला निघताच आलं नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून, पण एक खाली येईना. दिरांनी हात जोडून सुचतील तेवढी वचनं दिली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. फोनवर शंतनू एवढंच म्हणाला, "बाबा माझ्यावर रागावून गेले, आई." तेव्हापासून पोराने ह्यांचा विषय म्हणून काढला नाही.

यंदा मी इथे आलेली. सुनेने, यामिनीने, माझ्यासाठी हौसेने युटाच्या वाळवंटात लक्झरी कॅम्प बुक केला, आणि नेमकी त्याच दिवशी ह्यांची पितृपक्षातली तिथी. बिचारी रडकुंडीला आली. "आई, कॅन्सल करते."

"देव काय एडिसनलाच राहतो?" मी म्हटलं. "वड्या करून बरोबर घेऊ." सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली आमची नागपुरी वडी. ह्यांचा जीव होता तिच्यावर.

तंबू म्हणून मी सतरंजीच्या तयारीने गेले, तर आत राजवाड्यातला शोभावा असा पलंग, गालिचा, लाकडाची शेगडी, तंबूतच न्हाणीघर! बाहेर मात्र नुसते लाल खडक आणि आभाळ. फोनला रेंज नाही. कॅम्पवरच्या मुलीने बजावलं, अन्न बाहेर ठेवायचं नाही, आणि तंबू सोडताना झिपेला हा हुक अडकवायचाच. इथले कावळे झिप उघडतात.

"कावळा झिप उघडणार! काहीही हं," यामिनी हसली.

माझं तोंड उतरलं. बाहेर ठेवायचं नाही, तर कावळ्याला पान वाढायचं कुठे?

"नियम आहे, आई. आतच ठेव," शंतनू म्हणाला. "नाहीतरी तो माझ्यासाठी थोडाच येणार आहे."

दुपारी पलंगाजवळच्या टेबलावर पान मांडलं. भात, वरण, दोन वड्या. शंतनूने नमस्कार केला, झिप ओढली, आणि आम्ही जेवणाच्या मंडपाकडे गेलो. हुक तिथेच लोंबत राहिला.

परतलो तर झिप हातभर उघडी! माझी नात आन्या पुढे धावली आणि किंचाळली, "आजी! देअर्स अ बर्ड ऑन द बेड!"

पांढऱ्याशुभ्र चादरीवर कोंबड्याएवढा डोमकावळा! भाताला शिवलेला नाही, वरणाला नाही. एक वडी फस्त, दुसरी चोचीत. आणि आमच्याकडे बघतोय असा, जणू आम्हीच त्याच्या खोलीत शिरलोय. यामिनीने चप्पल उगारली, मी तिचा हात धरला. तो खाली उतरला, शंतनूच्या पायाजवळून ऐटीत चालत बाहेर गेला आणि वडीसकट उडाला.

शंतनू वाळूत मटकन बसला. "आई... हुक मी लावला नव्हता."

"बरं केलंस."

"त्याने... वडीच नेली गं."

रडता रडता मला हसूच फुटलं. "अरे, ह्या माणसाने जन्मात कधी वाढलेली वडी खाल्ली का? नैवेद्याच्या आधीच कढईजवळून पळवायचे! आणि घाटावर आम्ही हात जोडून आग्रह करत बसलो. आमचंच चुकलं."

शंतनू त्या उघड्या झिपेकडे बघत म्हणाला, "तू ओरडायचीस. आणि ते अर्धी मला द्यायचे, मी गप्प बसावं म्हणून."

दोन वर्षांनी पोरगा ह्यांच्याबद्दल बोलला. मग थांबेचना. आन्या मांडीवर बसून विचारत राहिली, "देन व्हॉट, बाबा?"

कॅम्पवरच्या मुलीने आम्हाला चांगलंच झापलं, आणि ते रास्तच होतं. कुणी म्हणेल, भुकेला पक्षी, दुसरं काय. म्हणू दे. मी त्याची नजर पाहिलीय.

एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. घरी वडी तळताना मागून कुणी हात घालून एखादी पळवली, तर रागावू नका. आमच्या मोहनरावांना आठवा.