अर्ध्या किलोचं खोटं

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, खोटारडा आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते आनेकलचं सरकारी पाळणाघर, तिथल्या छताचा हूक आणि मला त्यावर टांगणारी सेविका तुंगाबाई. बेंगळुरूच्या या टोकाला आया सकाळीच शिलाईच्या कारखान्यात जात आणि मुलं दिवसभर आमच्याकडे राहत. महिन्यातून एकदा मला कापडी झोळी लागे, झोळीत मूल बसे आणि रडून घर डोक्यावर घेई. त्या आयांपैकीच एक कमला, तिची थोरली सिद्धी मात्र रडायची नाही. माझ्या चकतीवर बोट ठेवून ती आकडे शिकली. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही, असा तोरा होता माझा.

माझ्या डोक्यावर एक स्क्रू आहे. तो फिरवून आधी काटा शून्यावर आणायचा, मगच मूल टांगायचं, हा नियम. पण तुंगाबाई जुन्या मराठी घरातली. कन्नड मुलखात कितीतरी पिढ्या गेल्या, तरी आजीचं एक सांगणं तिच्या मनातून गेलं नव्हतं. लेकराचं उणं तोंडानं बोलू नये, बोललं की खरं होतं. कमलाची धाकटी निधी फारच हलकी भरली, तेव्हा कमलाचा चेहरा उतरला. पुढच्या महिन्यात तुंगाबाईनं हळूच स्क्रू फिरवला. झोळी रिकामी असतानाच मी अर्धा किलो दाखवू लागलो.

"बघ, भरली की नाही पोर?"

"सरी अक्का, बरं झालं," म्हणत कमला हसली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असेल.

मग सगळीच मुलं अर्ध्या किलोनं भरली. वहीत अशक्त मूल उरलंच नाही. अशक्तांसाठीचा जादा आहारही कुणी मागितला नाही. वर्षअखेरीस वरून पत्र आलं. इथली मुलं धडधाकट आहेत, सबब पाळणाघराचं अनुदान बंद. तुंगाबाईनं पत्र दोनदा वाचलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. तिनं माया केली हो, ती माणूस होती. मी तर काटा होतो.

दाराला कुलूप लागलं. कमलाला कारखाना सोडणं शक्य नव्हतं, म्हणून सात वर्षांच्या सिद्धीची शाळा सुटली. ती घरी निधीला सांभाळू लागली.

मग निवडणूक आली. आमचीच खोली मतदान केंद्र झाली आणि चावी घेऊन आलेल्या तुंगाबाईनं मला बाहेर व्हरांड्यात टांगलं. निधीला कडेवर घेऊन कमला रांगेत उभी होती.

"अक्का, ओट कुणाला घालू? एकानं हळदीकुंकू लावून कुकर दिलाय, देवाची शपथ घातलीय. दुसरा म्हणतो, पाळणाघर उघडतो."

"ते मी सांगायचं नाही, कमले. पण पोर इकडे दे. स्वल्प थांब."

तिनं स्क्रू उलटा फिरवला. कितीतरी दिवसांनी मी शून्यावर आलो. तिनं निधीला झोळीत बसवलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "आठ किलो. अडीच वर्षांची पोर आणि आठ किलो. आजवर अर्धा किलो मी घालत होते. माझं चुकलं."

कमलानं निधीला उचलून छातीशी धरलं. "आधी का नाही सांगितलंस अक्का? मी भांडले असते."

कमला आत गेली. तिनं कुठलं बटण दाबलं ते मला ठाऊक नाही आणि ते कुणाला ठाऊक असूही नये.

निकालाला आता पाच महिने झाले. मी पुन्हा आत, माझ्या हुकावर आहे. कुलूप तसंच आहे. मित्रांनो, मी गंजतोय याचं मला दुःख नाही. उद्या तुमच्याही बोटाला शाई लागेल. त्या दिवशी कुकर, शपथ, भीती सगळं झोळीतून काढा, काटा शून्यावर आणा, मगच वजन करा. आणि उणं असेल तर ते मोठ्यानं बोला.

रोज दुपारी सिद्धी निधीला कडेवर घेऊन खिडकीशी येते. गजांतून माझ्याकडे बोट दाखवत तिला आकडे शिकवते. एक, दोन, तीन, थेट पंचवीसपर्यंत. मग पुन्हा एकपासून सुरू करते. माझ्या चकतीवर पंचवीसच्या पुढे काही नाही.