दोघांना नकार, तिसरीला काहीच नाही

गणित विभागाच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षं आहे, आणि या लोकांबद्दल माझं मत पक्कं झालेलं आहे. एखादी गोष्ट होऊ शकते हे सिद्ध झालं की ती करायचीही असते, हे यांच्या गावीही नसतं. माझ्या टेबलामागच्या खिडकीची कडी तुटून दोन वर्षं झाली. ती एकाच स्क्रूनं कशी बसेल हे भूमितीच्या सरांनी फळ्यावर आकृती काढून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला. खिडकी अजून सुतळीनं बांधलेली आहे.

तर अशा लोकांच्या हाती विद्यापीठानं एक संशोधन-अध्यासन दिलं. नव्या दमाच्या संशोधकासाठी, म्हणजे डॉक्टरेट मिळून दहा वर्षं झालेली नसावीत, आणि सोबत कायमची प्राध्यापकी. निवडलेल्या माणसाचा लेखी होकार शुक्रवारी पाचच्या आत कुलसचिवांच्या कार्यालयात पोहोचायला हवा होता. नाही पोहोचला तर अध्यासन समोरच्या इमारतीत, रसायनवाल्यांकडे जाणार होतं.

मुलाखतीला तिघं आले. पहिला स्वतःबद्दलच इतकं बोलला की गणिताचं विचारायला वेळ उरला नाही. दुसऱ्यानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि ती संपल्यावर तोही संपला. तिसरी एक बारीक चणीची बाई होती. तिनं आमच्या विभागप्रमुखांच्या वीस वर्षांपूर्वीच्या लेखातली चूक त्यांच्याच फळ्यावर, त्यांच्याच खडूनं दाखवली. विभागप्रमुखांना पाठीमागे सगळे 'इतिसिद्धम्' म्हणतात. चूक निघाल्यावर ते जेवढे खूश झाले, तेवढे मी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. जाताना त्या बाईनं फळा पुसला, डस्टर जागेवर ठेवलं आणि मला विचारलं, "ताई, हात कुठे धुऊ?" एकोणीस वर्षांत डस्टर जागेवर ठेवणारी ही पहिलीच. माझ्यापुरती निवड तिथंच झाली. समितीनंही संध्याकाळी तिलाच निवडलं.

तिचा अर्ज मी वाचला होता. पाच शहरं, सात नोकऱ्या, आणि प्रत्येकीपुढं 'मुदतीची' असा शेरा. शेवटच्या नोकरीची मुदत संपल्यापासून ती आईकडे राहत होती. तिची दहा वर्षं पुढच्या महिन्यात भरत होती. हे हुकलं तर अशा जागेसाठी तिला पुन्हा अर्जसुद्धा करता येणार नव्हता.

शुक्रवारी दोन वाजता मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. ते संभाव्यतेच्या मॅडमशी वाद घालत होते.

"सर, तिचा होकार आला का?"

"येईल की. निवड झालीये."

"तिला कळवलंय ना?"

"कळवायची गरजच नाही," इतिसिद्धम् म्हणाले. "उमेदवार तीन. दोघांना नकाराची पत्रं सोमवारी गेली. तिला गेलं नाही. म्हणजे तीच."

"हे तिनं ओळखायचं?"

"ओळखायचं नाही हो. निष्कर्ष काढायचा."

"पहिल्या वर्षाच्या मुलांनाही जमेल," मॅडम म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. माझ्याच, कारण दुसऱ्या कुणाच्या कपाळावर मारायची नोकरीत सोय नाही. मग त्यांच्याच टेबलावरून तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तुमची निवड झालीये," मी म्हणाले. "तुम्हांला कळलं नव्हतं?"

ती म्हणाली, "दोघांना नकार गेल्याचं कळलं होतं. त्यातल्या एकानंच सांगितलं. पण मला वाटलं, कुणालाच घेतलं नाही."

"असं कसं वाटलं?" इतिसिद्धम् पुढं झुकले.

"सर, एक तर मी, नाहीतर कुणीच नाही. आणि इतक्या वर्षांत चार ठिकाणी कुणीच नाही झालंय. मुलाखत छान होते, लोक हात मिळवतात, आणि मग काहीच येत नाही. म्हणून मी एका विमा कंपनीला हो म्हणालेय. साडेचारला सही करायला जायचंय."

विभागप्रमुखांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणसाला पाझर फुटला.

"रिकामा संच," ते मॅडमना म्हणाले. "आपण रिकामा संच विसरलो."

मॅडम मटकन खाली बसल्या. तेवढ्यात भूमितीचे सर आले. त्यांना सांगितलं, तर तेही बसले. आयुष्यभर मुलांचे ज्या चुकीसाठी गुण कापले तीच चूक, असं म्हणत तिघं उठले आणि फळ्यावर ती दुरुस्त करायला लागले. फोन चालूच होता. "ताई, लेखी आलं तर मानेन," ती म्हणाली आणि तिनं ठेवला.

"सर, पत्र लिहा," मी म्हणाले.

"हे एकदा नीट होऊ द्या."

मी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि पेन दिलं. त्यांनी लिहिलं, 'उमेदवारांचा संच घेऊ.' मी कागद फाडला आणि दुसरा पुढं केला. "लिहा. आम्हांला तुम्हीच हव्या आहात. आजच लेखी होकार पाठवा. खाली सही."

"कारणं नको द्यायला?"

"नको."

पावणेचारला पत्र ईमेलनं गेलं. चार वाजले, सव्वाचार वाजले. उत्तर नाही, फोनही उचलेना. साडेचार झाले. मला दिसत होतं की ती विम्याच्या कचेरीत बसलीये आणि कुणीतरी तिच्यापुढं फॉर्म सरकवतोय. मला तिच्यापेक्षा या तिघांचा जास्त राग आला.

चार एकेचाळीसला उत्तर आलं. सहीची तीन पानं. पहिली ओळ होती, 'समजा, मी होकार देत नाही.'

माझ्यामागं तिघं दाटीवाटीनं उभे राहून वाचायला लागले.

"वा, सुरुवात चांगली आहे," मॅडम म्हणाल्या.

मी शेवटच्या पानाकडे जाणार तर इतिसिद्धम् म्हणाले, "थांबा हो, शेवट फोडू नका."

मी शेवट फोडला. खाली लिहिलं होतं, 'हे अशक्य आहे. म्हणून होकार.'

पानं छापली आणि जिना उतरून धावत सुटले. कुलसचिवांच्या कार्यालयातल्या कारकुनानं चष्मा लावून पहिली ओळ वाचली. "हा तर नकार आहे."

"शेवटचं पान वाचा."

"आम्ही पहिल्यापासून वाचतो."

"पहिल्यापासून वाचलंत तर तुम्हांला पुढच्या वर्षी कळेल," मी म्हणाले आणि पान उलटून त्याच्या नाकासमोर धरलं. पाचला दोन मिनिटं कमी असताना शिक्का बसला. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. तिथल्याच पायरीवर बसून मी तिला फोन लावला. या वेळी तिनं लगेच उचलला.

"झालं," मी म्हणाले. "या डोळ्यांनी शिक्का पाहिला."

पलीकडून लांबून एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "काय म्हणतात?"

"आई, मला घेतलं."

"किती महिन्यांसाठी?"

पुन्हा तोच प्रश्न. तिला बोलवत नाहीये हे मला श्वासावरून कळलं.

"फोन आईंना दे, पोरी," मी म्हणाले. आईंनी घेतला तेव्हा त्यांना सांगितलं, "महिने नाहीत हो. निवृत्त होईपर्यंत."

"नक्की?"

"नक्की."

"मग या वेळी मी पण येते तिच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आजवर गेलेच नाही कधी. म्हटलं, मी सामान लावेपर्यंत तिची मुदत संपायची."