दगड न हलवलेल्या माणसाचे पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझी शिवण उसवली आहे आणि कोपरे मऊ पडले आहेत. पण माझ्यात जे छापले आहे, ते घडलेले आहे. बोगदा खणणाऱ्या एका कामगारावर दरड कोसळली. पाय दगडाखाली अडकला, तरी तो जगला. बाहेर आल्यावर त्याने आपली हकीकत सांगितली, तेव्हा माझा जन्म झाला.

छापखान्यात माझी पाने शिवली, कडा कापल्या. मग दुकानाच्या काचेआड मी बरेच दिवस ऊन खात उभे होते. एक दिवस कपडे शिवणाऱ्या एका बाईने मला उचलले.

"दादाला वाचून दाखवायचंय," ती दुकानदाराला म्हणाली. "रडकं नको हं."

"थोडं आहे रडकं. पण माणूस शेवटी वाचतो."

तिचा दादा क्रेन चालवायचा. क्रेनच्या शिडीवरून पाय घसरला आणि कमरेखालचे सारे अंग लुळे पडले. पायांत पुन्हा बळ येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. तहान लागली तरी मागायचा नाही. बहीण हातातले शिवण बाजूला ठेवून मला वाचायची. तो हूं की चूं करत नसे.

मग ते पान आले. त्यात कामगार म्हणतो, 'नखे निघेपर्यंत मी दगड ढकलला. तो तसूभरही हलला नाही. मग मी ढकलणे सोडले आणि लहान मुलासारखा रडलो. ओल्या भिंतीला जीभ लावली आणि कुणाला तरी ऐकू जाईल म्हणून हाका मारत राहिलो. मी एवढेच केले. बाकी सारे बाहेरच्यांनी केले.'

दादाने मान वळवली. "पुन्हा वाच," तो म्हणाला.

त्या दिवसापासून घरात आवाज फुटला. "अगं ए, पाणी दे! उशी सरळ कर!" तो खुशाल ओरडायचा आणि बहीण हसत धावायची. पुढे तो पडल्या पडल्या शेजाऱ्यांच्या इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मला दाखवायचा. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

मग माझ्यावरून चित्रपट निघाला. दादाचे मामा आणि शेजारी यांनी त्याला खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. बहिणीच्या पिशवीत मीही होते. पडद्यावरच्या कामगाराने डरकाळी फोडली, दगड उचलून बाजूला फेकला आणि तो लंगडत उजेडात चालत आला. थिएटर टाळ्यांनी दणाणले. मी पिशवीत तळमळले. असे माझ्या कोणत्याच पानावर नव्हते.

बाहेर मामा डोळे पुसत म्हणाले, "बघितलंस ना? मनात आणलं की दगडसुद्धा हलतो. तू मनावरच घेत नाहीस रे."

"मामा, पुस्तकात तसं नाहीये," बहीण म्हणाली.

"पुस्तकातलं राहू दे गं! एवढा मोठा पिक्चर काढलाय, तो काय उगाच?"

दादा पोस्टरवरच्या नटाकडे बघत राहिला.

पुढे एका दुपारी बहीण कपडे पोचवायला गेली होती. दादाने खाटेजवळच्या खिडकीचे गज धरले आणि तो अंग वर खेचू लागला. मी समोरच्या फळीवर होते. 'नको रे' म्हणावे, तर मला तोंड नाही. धरावे, तर हात नाहीत. पंख्याच्या वाऱ्याने माझी पाने फडफडली, पण त्याने तिकडे पाहिले नाही. क्षणभर तो गजांना लोंबकळला. मग हात सुटले आणि उजवे मनगट अंगाखाली सापडले.

शेजाऱ्यांचे दार उघडे होते. एक हाक पुरली असती. पण तो ओठ मिटून फरशीवर पडून राहिला.

बहीण परतली आणि धावत जाऊन तिने त्याचे डोके मांडीवर घेतले. "हाक का नाही मारलीस रे?"

"त्यानं मारली नव्हती ना," दादा म्हणाला. "पिक्चरमधल्यानं."

मनगटाचे हाड वाकडे जुळले. आता त्याच्या हातात पेचकस ठरत नाही. मामा येतात आणि पायथ्याशी बसतात. "मी तुझ्या भल्यासाठीच बोललो रे," एकदा ते कसेबसे म्हणाले. "माहीत आहे मला," म्हणून दादाने पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

"ते पुस्तक नजरेआड ठेव," असे त्याने बहिणीला सांगितले. शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली तिने मला सरकवले. ठेवताना तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली, एवढे मला कळले. माझी नवी भावंडे म्हणे दुकानात झळकतात. त्यांच्या अंगावर नटाचे चित्र असते आणि मुले त्यांच्यात ती डरकाळी शोधतात.

मित्रांनो, पुस्तके फाडू नका, भिजवू नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलेच असेल. माझे मागणे थोडे निराळे आहे. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्याला शूरांच्या गोष्टी सांगण्याआधी जवळ बसा. 'काही हवंय का?' एवढेच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तरी उठून जाऊ नका.