थर्मासच्या पोटातल्या गोळ्या

मी थर्मास बोलतोय. गरमाला गरम अन् थंडाला थंड ठेवणारा माझ्यासारखा अख्ख्या डिंडोलीत दुसरा नाही! बरं, राहू द्या. माझं बूच फडक्याचं आहे आणि सकाळचा चहा दुपारपर्यंत गटाराच्या पाण्याइतका कोमट होतो.

छगनबाबांनी मला कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात न्यायला घेतलं. तिथे मी काय खोड्या केल्या! बूच उडवून मुकादमाचा सदरा रंगवला, बाबांच्या पोराची, हेमराजची, जीभ भाजली. बाबा गेले आणि मी फळीवर धूळ खात बसलो.

मग हेमराजच्या बायकोने, सोनालीने, मला खाली काढलं. मूल होण्याची इंजेक्शनं बर्फात घालून आणायची होती. चहावाल्याचा एकदम कंपाउंडर झालो! पण एवढ्या सुया टोचून बिचारीला एकच अंडं आलं, तेही वाया गेलं.

यंदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी या हार्मोनच्या गोळ्या, मग सुया. ही शेवटची खेप. एकही गोळी चुकवायची नाही."

आता माणसांची अक्कल बघा. सासूबाईंना, शोभाबाईंना, ते पाकीट दिसलं. गावाकडे सरकारी नर्स अशीच पाकिटं वाटायची. "व माय! या त पोरं न होण्याच्या गोळ्या!" अहो, सुनेला विचारा ना! छे. पाकीट कोंबलं माझ्या पोटात आणि बसल्या तांदूळ निवडत.

सोनालीने पिठाचा डबा उपसला, गाद्या झटकल्या. गोळीची वेळ होत आली. मी मनातल्या मनात कोकलतोय, अगं बये, इकडे! जन्मभर नको तिथे बूच उडवलं, आज मेलं जागचं हलेना.

शेवटी हेमराजच्या रातपाळीच्या चहासाठी तिने मला उचललं. होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी खडखडलो.

"फुटला वाटतं मेला," म्हणत तिने मला उलटं केलं. पाकीट खाली पडलं. वरून चहाने चिकट, आत गोळ्या कोरड्या. तिने आधी गोळी गिळली, मग सासूकडे पाहिलं.

"पोर पाहिजे म्हणते, अन् हे खाते?" शोभाबाई कडाडल्या.

"आई, सुताचा नवा बीम चढवायचा तर आधी लूम बंदच करतात ना? तसंच आहे हे. आधी आतलं सगळं थांबवायचं, मग सुया."

शोभाबाई वरमल्या. "मंग मला सांगितलं का नाही, बाई?"

"मागच्या वेळी तुम्हाला एकटीलाच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची भाजीवाली मला विचारते, 'एकच अंडं निघालं म्हणे?'"