हिरव्या पांघरुणाखालचा तलाव

मंगळवेढ्याच्या वाटेवर, ज्वारीच्या काळ्या रानांना लागून पडलेला मी एक जुना तलाव आहे. मित्रांनो, माझ्याजवळून जाताना नाक दाबलंत तरी मी रागावणार नाही. मला स्वतःचीच लाज वाटते.

माझेही चांगले दिवस होते. लोकर कातरायच्या आधी इथल्या धनगरांच्या मेंढ्या माझ्यात धुतल्या जायच्या. त्यांच्यातली केराबाई काठावर चपला काढायची, मला हात जोडायची आणि मगच कळप पाण्यात घालायची. उन्हाळ्यात पाणी आटलं की घराघरातून माणसं यायची, पाट्या भरभरून माझा गाळ उपसायची आणि रानात नेऊन टाकायची. रानाला खत मिळायचं, मला खोली मिळायची.

मग नळ आले, खताच्या गोण्या आल्या. गाळ न्यायला कुणी फिरकेना. गावाचं सांडपाणी मात्र बिनबोभाट माझ्यात येऊ लागलं. त्यावर पोसून टिकलीएवढी हिरवी पानं तरंगू लागली आणि बघता बघता त्यांनी मला काठोकाठ झाकून टाकलं.

ती तेव्हाच काढायला हवी होती. पण आमचा मुलूख कोरडा, थेंबाथेंबाला जपणारा. गावात ज्याचा शब्द चालायचा तो सिद्धनाथ काठावर येऊन म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की! झाकलेलं पानी उन्हानं उडत न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही पटलं. ते पांघरूण अंगावर घेऊन मी चक्क मिरवू लागलो. खाली उजेड पोचेना, मासे गुदमरून मेले. पानं मरून तळाशी कुजत होती, गाळ वाढत होता, आणि माझा वास गावभर सुटला.

गेल्या साली पावसाळा सरता सरता केराबाई कळप घेऊन आली. पुढची गाभण मेंढी गवत समजून सरळ माझ्यावर चालत आली आणि पोटापर्यंत गाळात रुतली. तिच्यामागे धावलेली केराबाईही कमरेपर्यंत अडकली. मेंढीची मान वर धरून ती हाका मारत राहिली आणि मी नुसता बघत राहिलो. तिचा लेक जोतिराम दोर घेऊन आला, चौघांनी ओढलं, तेव्हा कुठे दोघी सुटल्या.

केराबाईनं नळावर जाऊन माझं पाणी अंगावरून घासघासून धुतलं. मला हात जोडणारी हीच ती बाई! तेव्हा मला आटून जावंसं वाटलं.

दोन दिवसांनी जोतिरामनं काठावरच सिद्धनाथला सांगितलं, "मेंढी गाबडली, काका. पोटातलं कोकरू गेलं."

सिद्धनाथ खाली मान घालून म्हणाला, "माजंच चुकलं. झाकून ठिवा म्हनलो ते मीच की."

दुसऱ्या दिवशी पहिला तोच पाण्यात उतरला. जुन्या साडीची दोन टोकं दोघांनी ताणून धरली आणि पानं ओढत काठाशी आणली. पण ढीग तिथंच सोडला, आणि एका पावसात निम्मी पानं परत माझ्यात! मग मात्र ती लांब खड्ड्यात नेऊन कुजवली आणि सांडपाण्याला दुसरी वाट काढून दिली. उन्हाळ्यात गाळ उपसायला घेतला. निम्मा निघाला, निम्मा अजून आहे.

परवा केराबाई जोतिरामला आणि कळपाला घेऊन आली. काठीनं तळ चाचपत साफ केलेल्या बाजूनं पाण्यात उतरली. पायाखाली घट्ट मुरूम लागला.

"ये गं माजी बाय, म्या हाय की हितं," ती त्याच मेंढीला म्हणाली.

मेंढी पाय रोवून काठावरच उभी राहिली. केराबाईनं तिला ओढलं नाही.

"लई भ्यालीया. चल जोत्या, दुसऱ्या गावाला धुवून आनू," म्हणाली आणि कळप वळवला.

मित्रांनो, दर उन्हाळ्यात घरटी पाटीभर गाळ न्या. पाण्यावर हिरवं दिसलं की लगेच काढा, आणि काठावर ठेवू नका. मला झाकू नका, मला उपसा. त्या मुक्या जिवाला मी गवत होऊन फसवलं आहे. आपणहून येऊन ती मेंढी माझ्या पाण्याला तोंड लावेल, तोवर मला मान वर करता येणार नाही.